इंजिनचं नॉकिंग पकडणारी सर्किट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, मेकॅनिक नाही. माझ्या ९९८ सीसी वॅगन आरवर नॉक डिटेक्टर बसवायचं वेड लागलं आणि त्यातून बरंच शिकायला मिळालं. इंजिनिअरिंगची मुलं, गॅरेज चालवणारे मित्र आणि गाडीवर मनापासून प्रेम करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नॉकिंग म्हणजे इंजिनात नेमकं काय होतं?

प्लगने ठिणगी टाकली की ज्योत तिथून सिलेंडरच्या भिंतींकडे सरकत जाते. आपण सहज बोलताना त्याला स्फोट म्हणतो, पण निरोगी इंजिनात तो स्फोट नसतो. गवताची गंजी एका टोकाला पेटावी आणि आग पुढे पुढे जावी, तसं ते जळणं असतं. ज्योत पुढे येते तसं कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. हा दाब आणि ताप हाताबाहेर गेला, की ज्योत पोहोचण्याआधीच ते उरलेलं मिश्रण आपलं आपण, एकाच क्षणी पेटतं. दाबाची लाट उठते आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहते. ब्लॉक घंटेसारखा वाजतो. चढावर गाडी दमली की बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो, तो हाच.

नुकसान नुसत्या हादऱ्याने होत नाही. पिस्टनच्या माथ्याला आणि सिलेंडरच्या भिंतीला वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर चिकटलेला असतो आणि तोच धातूला आगीपासून वाचवतो. नॉकिंगची लाट हा थर खरवडून काढते. मग उष्णता थेट ॲल्युमिनियममध्ये शिरते. पिस्टनची कड खाल्ली जाते, रिंगांमधल्या भिंती तुटतात, प्लगची पांढरी चिनी माती तडकते, हेड गॅस्केट जातं.

कानाने ऐकू येतंच की. मग सर्किट कशाला?

पूर्वी कानावरच चालायचं. प्रीमियर पद्मिनीच्या काळात मुरलेला मिस्त्री डिस्ट्रिब्युटर सैल करून हाताने किंचित फिरवायचा, गाडी टॉप गिअरमध्ये चढावर घ्यायचा आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. पुसटशी टकटक येऊन लगेच थांबली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बसलं. त्या कानांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण कानाला ऐकू येतं ते कमी आरपीएमचं नॉकिंग. मे महिन्यात एसी लावून, चार माणसं बसवून, खंबाटकीच्या चढावर गिअर न बदलता रेटत राहिलात आणि काच खाली केलीत, तर बाजूच्या कातळावरून आवाज परत येतो आणि स्पष्ट कळतं. हेच ४५०० आरपीएमला झालं तर वारा, टायर आणि इंजिनचा स्वतःचा आवाज यांत ते बुडून जातं. आणि पिस्टन लवकर मरतो तो तिथे. शिवाय कोणता सिलेंडर नॉक करतोय ते कान सांगत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, ते पुढच्या ठिणगीच्या आत कळावं लागतं.

सर्किट ऐकतं तरी काय? मोठा आवाज झाला की नॉक, असं आहे का?

नाही, आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. व्हॉल्व्ह आपटून बंद होतात, पिस्टन बाजू बदलताना भिंतीवर थाप मारतो, टायमिंग चेन खुळखुळते. यातले काही आवाज हलक्या नॉकपेक्षा मोठे असतात. म्हणून सर्किटने तीन गोष्टी विचारायच्या: आवाज कोणत्या सुरात आहे, क्रँकच्या (पिस्टनला जोडून फिरणाऱ्या दांड्याच्या) कोणत्या अंशाला आला, आणि याच सिलेंडरच्या याच वेगाच्या नेहमीच्या आवाजापेक्षा किती वेगळा आहे. आवाज किती मोठा हा प्रश्न या तिन्हींच्या नंतरचा. पुढची सगळी उत्तरं या तीन प्रश्नांभोवतीच फिरतात.

मग नॉकचा सूर कोणता?

तो सिलेंडरच्या व्यासावर ठरतो. मोठ्या डग्ग्याचा आवाज खर्जाचा आणि छोट्या तबल्याचा वरचा, तसंच इथे. अंदाजासाठी सूत्र सोपं आहे:

वारंवारता (किलोहर्ट्झ) = ९०० ÷ (३.१४ × सिलेंडरची त्रिज्या मिलिमीटरमध्ये)

यातला ९०० हा तापलेल्या वायूतला आवाजाचा वेग आहे, साधारण ९०० मीटर प्रति सेकंद धरून. माझ्या गाडीच्या के१० इंजिनचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, ७३ मिमी, म्हणजे त्रिज्या ३६.५ आणि उत्तर सुमारे ७.८५ किलोहर्ट्झ. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनचा बोअर ६८ मिमी, तिथे सुमारे ८.४. ९७.२ सीसीच्या स्प्लेंडरचा बोअर जेमतेम ५० मिमी, तिथे आकडा ११.५ च्या आसपास जातो.

या सूत्राच्या मुळाशी असलेलं गणित वापरून चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये नॉकच्या दाबलाटांचा अभ्यास केला. अपोलो यानांना चंद्राकडे वाट दाखवणारी यंत्रणा पुढे यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली. सिलेंडरमधल्या लाटेपासून सुरुवात करून हा माणूस चंद्रापर्यंत पोहोचला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

लाट एकाच प्रकारे हिंदकळत नाही. पहिल्या सुराच्या सुमारे १.६६ पट वर दुसरा सूर असतो, म्हणजे माझ्या इंजिनात १३ किलोहर्ट्झजवळ. वरच्या आरपीएमला पहिल्या सुराच्या पट्ट्यात यांत्रिक खडखड फार झाली, तर दुसऱ्या सुराकडे वळावं. गणिताने मिळतो तो अंदाज असतो. खरा आकडा इंजिनवर मोजूनच पक्का करायचा, पाच-सात टक्के इकडेतिकडे होतोच.

नॉक सेन्सरच्या आत काय असतं?

दाब पडला की वीजभार देणारी सिरॅमिकची चकती, तिच्यावर धातूचं वजन, आणि मध्यभागी बोल्टसाठी आरपार भोक. ब्लॉक थरथरला की वजन मागे राहू पाहतं, चकती दाबली-सुटली जाते आणि टोकांवर व्होल्टेज येतं. तो सिलेंडरच्या आतला दाब मोजत नाही, ब्लॉकची थरथर मोजतो. हे लक्षात ठेवलं तर त्याचे अर्धे रुसवेफुगवे समजतात.

दोन जाती आहेत. एक सुरात लावलेली: ती एका ठरावीक वारंवारतेलाच जोरात बोलते. दुसरी सपाट प्रतिसादाची: साधारण ३ ते २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं सारखंच ऐकते आणि निवड सर्किटवर सोडते. हल्लीच्या गाड्यांत दुसरी जात जास्त दिसते. प्रयोगासाठीही तीच घ्या. दोन पिनांचा, एम८ बोल्टने बसणारा बॉशचा सेन्सर सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो. त्याची क्षमता साधारण १ नॅनोफॅरड आणि संवेदनशीलता दर जी-ला (गुरुत्वाकर्षणाएवढ्या प्रवेगाला) २५-३० मिलिव्होल्टच्या घरात असते. रिकाम्या चालीला काही दहा मिलिव्होल्ट मिळतात, वरच्या आरपीएमला सिग्नल व्होल्टच्या घरात जातो.

बोल्ट किती घट्ट करायचा? एवढं महत्त्वाचं आहे का?

फार महत्त्वाचं आहे. या प्रकारच्या सेन्सरला २० न्यूटन-मीटर, पाचएक इकडेतिकडे. हाताच्या अंदाजाने करू नका, टॉर्क पाना वापरा. सैल राहिला तर वरच्या वारंवारता ब्लॉकमधून सेन्सरमध्ये पोहोचतच नाहीत. जास्त आवळला तर आतल्या चकतीवरचा ताण बदलतो, कधी ती तडकते. खाली वॉशर नको, गॅस्केट नको, रंगाचा थर नको, सीलंट तर अजिबात नको. धातूला धातू, कोरडा आणि स्वच्छ. चार सिलेंडरच्या इंजिनात जागा सहसा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मधली. व्ही६ ला प्रत्येक बाजूला एक, असे दोन सेन्सर लागतात.

सर्किटचे टप्पे कोणते?

सेन्सर, बफर (सेन्सरवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा), बँडपास फिल्टर (हव्या सुराचाच पट्टा जाऊ देणारा), रेक्टिफायर (उलटसुलट सिग्नल एकाच दिशेचा करणारा), इंटिग्रेटर (ठरावीक वेळेतला सिग्नल साठवून बेरीज देणारा), आणि शेवटी तुलना. गाडीच्या ईसीयूमध्येही क्रम हाच असतो, फक्त तिथे बरंचसं काम एका चिपमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये उरकतात.

प्रत्यक्ष किमती द्या ना. ७३ मिमी बोअरसाठी काय लावू?

माझ्या गाडीवर जे चाललं ते देतो.

पुरवठा ५ व्होल्ट, सगळ्या सिग्नलचा मध्यबिंदू २.५ व्होल्ट. सेन्सरची एक पिन २.५ व्होल्टला, दुसरी बफरच्या इनपुटला, आणि दोन्हींच्या मध्ये २२० किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर का, ते समजून घ्या. सेन्सरचा १ नॅनोफॅरड आणि हा रेझिस्टर मिळून आपोआप हायपास फिल्टर होतो. २२० किलोओहमला त्याची कड ७२० हर्ट्झच्या आसपास येते, त्यामुळे इंजिनची जाडीभरडी थरथर तिथेच गळते. कुणी तिथे १० किलोओहम लावला तर कड १६ किलोहर्ट्झवर जाते आणि हवा तोच सिग्नल मरतो. "सेन्सर काहीच देत नाही" अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हा रेझिस्टर विचारतो.

इनपुटला १० किलोओहम सिरीजमध्ये आणि पुरवठ्याच्या दोन्ही टोकांना (रेलना) जादा व्होल्टेज वळवणारे क्लॅम्प डायोड हवेतच. हातातून पाना निसटून सेन्सरजवळ आपटला तर चकती एका झटक्यात इतकं व्होल्टेज देते की ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारा आयसी) जाऊ शकतो.

फिल्टर एकाच ऑपॲम्पचा, मल्टिपल फीडबॅक पद्धतीचा. दोन्ही कपॅसिटर १ नॅनोफॅरड. इनपुट रेझिस्टर ३० किलोओहम, मध्यबिंदूकडे जाणारा ३.९ किलोओहम, फीडबॅकचा १२० किलोओहम. मधली वारंवारता ७.८२ किलोहर्ट्झ, क्यू (फिल्टर किती अरुंद पट्टा निवडतो ते) २.९५, गेन (सिग्नल किती पट होतो ते) २. पट्टा साधारण २.६ किलोहर्ट्झ रुंद राहतो. यापेक्षा अरुंद करू नका. क्यू वाढवला की फिल्टर स्वतःच वाजत राहतो, आणि वायूचं तापमान बदलून सूर जरा सरकला की नॉक हातून निसटतो. कपॅसिटर सी०जी किंवा फिल्मचे घ्या. स्वस्तातली साधी सिरॅमिक चकती बॉनेटखालच्या उष्णतेत आपली किंमत धरून ठेवत नाही आणि फिल्टर भलत्याच सुराला जातो.

ऑपॲम्प मी एमसीपी६०२२ वापरला: ५ व्होल्टवर रेलपर्यंत जातो, १० मेगाहर्ट्झची ताकद आहे. एलएम३५८ सगळ्यांच्या डब्यात असतो हे खरं, पण त्याचा आउटपुट शून्याजवळून जाताना अडखळतो आणि वेगही कमी आहे. रेक्टिफायरमध्ये तर तो नकोच. टीएल०७२ ला ५ व्होल्ट पुरत नाहीत.

पुढे दोन ऑपॲम्पचा अचूक रेक्टिफायर, मग इंटिग्रेटर. त्याच्या कपॅसिटरला समांतर ४०६६ या स्विचांच्या आयसीचा एक स्विच, म्हणजे प्रत्येक फेरीला तो कोरा करता येतो.

पुरवठ्यात कंजूषी नको. गाडीचे १२ व्होल्ट म्हणजे घरातला ॲडाप्टर नव्हे. ऑल्टरनेटर चालू असताना बॅटरीची तार निसटली तर काही दहा व्होल्टचा फटका येतो. एलएम२९४० सारखा गाड्यांसाठीच बनवलेला रेग्युलेटर आणि त्याआधी टीव्हीएस डायोड लावा.

खिडकी म्हणजे काय? सगळे तिच्याबद्दल का बोलतात?

कारण माझ्या मते अर्धं यश खिडकीत आहे. नॉक कधीही होत नाही. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन खाली उतरू लागला की, साधारण १० ते ६० अंशांच्या दरम्यानच होतो. म्हणून सर्किटचे कान तेवढाच वेळ उघडायचे. तीन सिलेंडरच्या इंजिनात दर २४० अंशांनी एक ठिणगी पडते. खिडकी ५० अंशांची धरली, तर जवळजवळ चार पंचमांश वेळ सर्किटला काही ऐकूच द्यायचं नाही. व्हॉल्व्हच्या बऱ्याचशा थापा आपोआप बाहेर राहतात.

वेळेचा हिशेब करून बघा. १००० आरपीएमला एक अंश म्हणजे १६७ मायक्रोसेकंद, ५० अंश म्हणजे ८.३ मिलिसेकंद. ३००० ला खिडकी २.८ मिलिसेकंदांची, ६००० ला जेमतेम १.४ ची. तेवढ्यात ७.८ किलोहर्ट्झची अकराच आवर्तनं बसतात. खिडकी अंशांत बांधायची, मिलिसेकंदांत नाही. त्यासाठी क्रँक सेन्सरचा सिग्नल लागतो, आणि सिलेंडर ओळखायला कॅमचा.

इंटिग्रेटर खिडकी उघडताना शून्यावर आणायचा, बंद होताना आकडा धरून ठेवायचा आणि निवांत वाचायचा. खिडकी न बांधता नुसत्या पातळीवर दिवा पेटवणारी सर्किट्स खूप दिसतात. ती रिकाम्या चालीला छान दिसतात आणि ३००० च्या पुढे दिवा विझतच नाही.

नॉक झाला हे ठरवायची पातळी कोणती?

पक्की पातळी नसते. ज्या आकड्याला १५०० आरपीएमला नॉक म्हणाल, तो ५००० ला नुसता श्वास असतो. म्हणून प्रत्येक सिलेंडरची स्वतंत्र सरासरी ठेवायची. जुन्या सरासरीचे पंधरा भाग आणि नव्या आकड्याचा एक भाग, एवढं साधं गणित पुरतं. नवा आकडा सरासरीच्या दोन-अडीच पट झाला की नॉक. आणि एक गोष्ट विसरू नका: ज्या फेरीत नॉक सापडला तो आकडा सरासरीत मिसळायचा नाही. मिसळला तर सतत नॉक करणाऱ्या इंजिनात सरासरीच वर चढते आणि सर्किट हळूहळू बहिरं होतं.

सेन्सरपासून लांबचा सिलेंडर मुळातच हळू ऐकू येतो. स्वतंत्र सरासरीमुळे तो फरकही आपोआप भरून निघतो.

आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने हे जमेल?

थेट सॅम्पलिंग करून नाही. उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारा भाग, नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला साडेनऊ हजार नमुने घेतो. ७.८ किलोहर्ट्झ पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. पण वर दिलेलं ॲनालॉग सर्किट आधी लावलं, तर उनोला खिडकीच्या शेवटी एकच आकडा वाचायचा उरतो आणि ते तो आरामात करतो.

एसटीएम३२ हा जास्त वेगवान मायक्रोकंट्रोलर वापरणार असाल तर रेक्टिफायर आणि इंटिग्रेटर सोडून द्या. ५० किलोहर्ट्झने नमुने घ्या, त्याआधी २० किलोहर्ट्झच्या आत अडवणारा लोपास फिल्टर ठेवा आणि गर्ट्झेल अल्गोरिदम (एकाच सुराची ताकद काढणारं गणित) चालवा. सगळे सूर काढणाऱ्या पूर्ण एफएफटीची गरज नाही, आपल्याला एक-दोन सूरच हवे आहेत. ३००० आरपीएमला खिडकीत १४० नमुने मिळतात, ६००० ला ७० च्या आसपास. पुरेसे आहेत. मोठा फायदा असा की दुसरी गाडी आली की सोल्डरिंग गन न उचलता फक्त एक आकडा बदलायचा.

तयार आयसी मिळतो का?

हो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीआयसी८१०१ याच कामासाठी आहे. दोन सेन्सर, आत बँडपास, रेक्टिफायर आणि इंटिग्रेटर. मधली वारंवारता १.२२ पासून १९.९८ किलोहर्ट्झपर्यंत ६४ पायऱ्यांत एसपीआयवरून निवडता येते, गेनही तसाच. एका पिनवर खिडकीचा सिग्नल द्यायचा: वर असताना मोजतो, खाली आल्यावर धरून ठेवतो. इंटरसिलचा एचआयपी९०११ याच घराण्यातला. शिकायचं असेल तर आधी सुट्या भागांचं सर्किट करा, गाडीत कायमचं बसवायचं असेल तर आयसी.

ठिणगीचा डिस्टर्बन्स येतो. काय करू?

माझे दोन महिने यात गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझं सर्किट प्रत्येक फेरीला, प्रत्येक सिलेंडरला नॉक दाखवत होतं, अगदी गाडी उभी असतानाही. मी फिल्टर बदलला, गेन कमी केला, सेन्सर नवा आणला. शेवटी सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) पाहिलं तर तो सिग्नल पिस्टन वर पोहोचण्याच्या आधी, नेमका ठिणगीच्या क्षणी येत होता. सेन्सरच्या वायरींवरची धातूची जाळी, म्हणजे शील्ड, मी दोन्ही टोकांना ग्राउंड केली होती, एकदा इंजिनला आणि एकदा सर्किटला. त्या दोन ग्राउंडमधल्या फरकाचा प्रवाह शील्डमधून वाहत होता. इंजिनकडचं टोक मोकळं सोडलं आणि आवाज गेला.

तेव्हा शील्ड फक्त सर्किटच्या बाजूला ग्राउंड करा. सेन्सरच्या दोन्ही वायरी पिळून शील्डच्या आत न्या. कॉइलच्या आणि इंजेक्टरच्या वायरींपासून हातभर लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. आणि खिडकी ठिणगीनंतर उघडते ना, ते सीआरओवर डोळ्यांनी बघून घ्या.

हे गाड्यांत आलं कधीपासून?

१९७८ च्या मॉडेलच्या ब्युइक व्ही६ टर्बोमध्ये नॉक सेन्सर होता आणि नॉक सापडला की टायमिंग मागे घेतलं जायचं. स्वीडनच्या साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी नावाची यंत्रणा आणली. तिथे नॉक ऐकू आला की टर्बोचा दाबच कमी व्हायचा, त्यामुळे गाडी कमी-जास्त ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे नॉक न होता दाब सोसण्याची इंधनाची ताकद) पेट्रोल स्वतः सांभाळून घ्यायची.

त्याआधीचा उपाय रासायनिक होता. टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग नॉक थांबवतं, हे थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये सापडलं आणि जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसं गेलं. भारतात ते थांबायला २००० साल उजाडलं. नॉकवरचा तो उपाय कित्येक पिढ्यांच्या मुलांनी श्वासातून घेतला. सेन्सर, सर्किट आणि चांगलं इंधन यांनी तेच काम विषाशिवाय होतं, हे माझ्या या वेडामागचं एक कारण आहे.

सेन्सरशिवाय नॉक पकडता येतो का?

येतो. ठिणगी पडून गेल्यावर प्लगच्या टोकांना साधारण ८० व्होल्ट द्यायचे. जळत्या वायूत आयन असतात, त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि नॉकची थरथर त्या प्रवाहावर उमटते. साबने हे प्रत्यक्ष गाड्यांत वापरलं, हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींतही आहे. प्रत्येक सिलेंडरची वेगळी खबर मिळते आणि व्हॉल्व्हचा खडखडाट मधे येत नाही. पण कॉइलचं सर्किट बदलावं लागतं आणि हाय व्होल्टेजशी गाठ असते. घरी सुरुवात इथून करू नका.

ईसीयूला नॉक कळला की तो काय करतो?

त्या सिलेंडरचं टायमिंग दोन-तीन अंश झटक्यात मागे घेतो. नॉक थांबला की अर्ध्या-अर्ध्या अंशाने, चाचपत पुन्हा पुढे नेतो. चढावर गाडीचं पिकअप थोडं बसल्यासारखं वाटतं त्याचं एक कारण हे.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने नॉकिंग वाढतं का?

उलट, कमी होतं. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन सुमारे १०८ आणि साध्या पेट्रोलचा ९१. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे मिश्रण थंड राहतं. आपल्या उसाच्या पट्ट्यातून येणारं हे इंधन नॉकच्या बाबतीत चांगलंच आहे. पण म्हणून जुनी गाडी जास्त ताकद देईल असं नाही. ईसीयूच्या नकाशात जेवढं टायमिंग लिहिलंय त्याच्या पुढे तो जाणार नाही. आणि लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असल्याने ॲव्हरेज थोडं घटतंच. रबरी भाग आणि पाणी शोषण्याचे प्रश्न वेगळे, ते नॉक सेन्सरच्या आवाक्यात नाहीत.

सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या वर असतो. तिथे नॉक क्वचितच.

महाबळेश्वरला गाडी नॉक करत नाही आणि खाली आल्यावर करते. भास आहे का?

भास नाही. तिथे सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. सिलेंडरमध्ये हवा कमी भरते, दाब कमी होतो, वर थंडावाही असतो. डिटेक्टर तपासायला म्हणूनच घाटमाथ्यापेक्षा घाटाचा पायथा बरा.

सेन्सर खराब झाला हे कसं ओळखू?

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०३२५ पासून पी०३२८ पर्यंतचा कोड आला, तर पहिल्या सेन्सरचं सर्किट बघा. पी०३२७ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०३२८ म्हणजे फार जास्त. लगेच सेन्सर विकत आणू नका. आधी कनेक्टर काढा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तिथे हिरवा गंज सापडतो. उंदरांनी वायर कुरतडलेलीही मी पाहिली आहे.

मग मल्टिमीटर. बऱ्याच सेन्सरचा रेझिस्टन्स एक मेगाओहमच्या वर, म्हणजे जवळपास उघडाच दिसतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत आतच रेझिस्टर असतो आणि १२० ते २८० किलोओहम दिसतात. त्यामुळे मॅन्युअल पाहूनच निकाल द्या. मीटर एसी मिलिव्होल्टला लावून सेन्सरच्या शेजारी ब्लॉकवर छोट्या पान्याने हलकं टकटक करा, आकडा हलला पाहिजे. सेन्सरवर मारू नका.

सेन्सरच्या जागी रेझिस्टर लावून दिवा घालवता येतो असं ऐकलंय.

कृपा करून करू नका. दिवा जाईल, पण इंजिन बहिरं होईल. काही ईसीयू संशय आला तरी कायमचं टायमिंग मागे ठेवतात, मग पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही जातं. फसवणूक खरंच जमली तर आणखी वाईट: नॉक होत राहील आणि कुणालाच कळणार नाही. एका परिचिताच्या गाडीचा पिस्टन मी हातात घेऊन पाहिला आहे, दुसऱ्या रिंगेजवळची भिंत तुटून गेली होती. सेन्सर हजार-दोन हजारांत येतो. इंजिन उघडायचा खर्च त्याच्या कितीतरी पट.

डिझेल गाडीला हे सर्किट चालेल?

नाही. डिझेलमध्ये मिश्रण आपलं आपण पेटणं हीच पद्धत आहे. तिथला ठकठकाट वेगळा विषय आहे.

डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत वेगळं काही?

हो, तिथे कमी आरपीएम आणि जास्त लोडला कधीकधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. हा नेहमीचा नॉक नव्हे, एकाच फेरीत पिस्टन फोडू शकतो. टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही, कारण ठिणगीने तो सुरूच केलेला नसतो. सर्किट त्याची नोंद करेल, इलाज मात्र योग्य तेलात आणि गिअर वेळेवर खाली घेण्यात आहे. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच इंजिन ऑइल घाला.

सर्किट तपासायला मुद्दाम नॉकिंग करायचं का?

सुरुवातीला तरी नाही. टेबलावर लोखंडाचा जाड ठोकळा घ्या, त्यावर सेन्सर २० न्यूटन-मीटरने बसवा आणि शेजारी बझरमधली पिझो चकती अराल्डाइटने चिकटवा. तिला सिग्नल जनरेटरवरून ७.८ किलोहर्ट्झचे एक-दोन मिलिसेकंदांचे झटके द्या. मग ५, मग १०, मग १३ किलोहर्ट्झ देऊन बघा. फिल्टर कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो ते कागदावर लिहून ठेवा. खिडकीचा सिग्नल मायक्रोकंट्रोलरवरून नकली तयार करा आणि झटका खिडकीच्या आत-बाहेर सरकवून पाहा.

गाडीवर बसवल्यावर पहिले काही दिवस फक्त नोंद करा, टायमिंगला हात लावू नका. सोबत एक हेडफोन ॲम्प जोडा आणि शेजारी बसलेल्या माणसाला फिल्टरनंतरचा आवाज ऐकायला द्या, चालवणाऱ्याला नाही. नेहमीचं इंजिन सळसळ आवाज करतं. नॉक आला की त्या सळसळीत मोहरी तडतडल्यासारखा कोरडा तडका उमटतो. त्याच क्षणी स्क्रीनवरचा आकडाही उसळला, तर फिल्टर आणि खिडकी दोन्ही जागेवर बसली आहेत. आकडा उसळला पण कानाला तडका आला नाही, तर आधी शील्डचं ग्राउंड पाहा, आणि मग इंजिनवरची एखादी सैल ब्रॅकेट किंवा सायलेन्सरचा उष्णतारोधक पत्रा हलतोय का ते.